देवरुख ते फणसवळे: प्रेम आणि स्वतःची चूल

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात हजाराच्या पुढे गेलेले जिल्हे दोनच होते: एक रत्नागिरी आणि दुसरा तिच्यातूनच १९८१ साली वेगळा झालेला सिंधुदुर्ग. यामागचं कारण इथल्या घराघराला ठाऊक आहे. पुरुष मुंबईला गेले. आधी गिरणीत आणि गोदीत, मग कचेऱ्यांत, पुढे कोकणी मुसलमानांच्या वाड्यांमधून आखातात. घरी राहिल्या बायका, म्हातारी माणसं, भाताची खाचरं, गोठा आणि मनीऑर्डर घेऊन येणाऱ्या पोस्टमनची वाट. चाकरमानी गणपतीला येई, शिमग्याला येई आणि पुन्हा बोटीत बसे.

अशा मुलखातून आलेल्या प्रेमाच्या गोष्टी नुसत्या प्रेमाच्या कशा राहतील? दोन जीव एकमेकांत गुंतले, एवढ्यावर इथल्या लेखकाला थांबता येत नाही. बाईने मन दिलं, आता ती निजणार कुठे, खाणार काय, तिच्या नावावर काय आहे, उद्या तो गेला तर दार कोण उघडणार, हे प्रश्न लगेच पुढे येतात. रत्नागिरीशी नातं असलेलं कथात्म लेखन आणि आत्मकथन सलग वाचलं, की हा धागा ठळक दिसू लागतो. या प्रश्नांनी प्रेमाची किंमत कमी होते असं त्या लेखनाला वाटत नाही. उलट त्यांना सामोरं जाणारं प्रेमच त्यातल्या उत्तम पुस्तकांना खरं वाटतं.

सुरुवात एका खऱ्या लग्नापासून करावी लागते. देवरुखच्या जोशी घराण्यातली गोदूबाई लहानपणीच लग्न होऊन नातूंकडे गेली आणि लगेच विधवा झाली. तरुणपणाची कितीतरी वर्षं तिने सासरच्या कामात काढली. तिचे भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते. ते बहिणीला घेऊन गेले, आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं तेव्हा तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे हे दापोलीजवळच्या मुरूडचे. त्यांची पहिली पत्नी वारली होती. विधुराने कुमारिकेशी लग्न करावं हा तेव्हाचा रिवाज होता. त्यांनी ठरवलं की केलं तर विधवेशीच करायचं. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचं आणि गोदूबाईंचं लग्न झालं. मुरूडकरांनी बहिष्काराचा ठराव केला: कर्वे बसतील त्या बैठकीला कोणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर तेही वाळीत.

नेमक्या त्याच काळात, १८९० पासून, हरि नारायण आपटे 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' लिहीत होते. यमू नावाची मुलगी आपली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगते, हेच मराठीत मोठं धाडस होतं. तरीही ती यमू विधवा होते, तिचं केशवपन बळजबरीने केलं जातं आणि कादंबरीतून तिला वाट सापडत नाही. कागदावरची यमू खचत होती, त्याच वर्षांत देवरुखची गोदूबाई कुंकू लावून पुण्यात संसार मांडत होती. आपटे यांचा कळवळा खरा होता. पण कादंबरीला जे सुचलं नाही ते इथे आधी जगण्यात घडलं, ही नोंद मराठी साहित्याच्या इतिहासात आजच्यापेक्षा मोठ्या अक्षरात व्हायला हवी.

गोदूबाईंची पुढे आनंदीबाई झाली; घरात त्या 'बाया'. त्यांनी सांगितलेलं 'माझे पुराण' १९४४ साली पुस्तकरूपात आलं. थोर पुरुषाच्या पत्नीने पतीची आरती ओवाळावी, असं त्या पुस्तकात होत नाही. संस्थेसाठी घर उपसून देणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार चालवणं म्हणजे काय, पैशाची ओढाताण काय असते, मुलांना काय द्यायचं आणि कुठून, हे त्या सरळ आणि खमक्या भाषेत सांगतात. ज्या बाईने दुसऱ्यांदा लग्न करण्याचं धैर्य दाखवलं, तिला त्या लग्नातही स्वतःच्या हिशेबाची काळजी वाहावी लागली.

ती काळजी उगीच नव्हती. १८५६च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली खरी, पण दुसरं लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपे. म्हणजे कायदा तिला सांगत होता: प्रेम कर, पण रिकाम्या हाताने कर. मिळकतीतला मर्यादित वाटा १९३७ साली आला, पूर्ण मालकी १९५६ साली. मधल्या काळातल्या कादंबऱ्या वाचताना ही वर्षं मनात ठेवली, की नायिकांच्या अनेक 'दुबळ्या' निर्णयांचा अर्थ बदलतो.

मुरूडच्याच तालुक्यातलं मुर्डी हे श्री. ना. पेंडसे यांचं गाव. १९१३ साली जन्मलेले पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला होते आणि लिहीत मात्र होते दापोलीच्या त्या हिरव्या, चढउताराच्या पट्ट्याबद्दल. १९५२ साली त्यांची 'गारंबीचा बापू' प्रसिद्ध झाली. नाव बापूचं असलं तरी पुस्तक मिटल्यावर मनात राहते ती राधा. रावजीच्या चहाच्या हॉटेलातली, त्याची बायको. बापू हा विठोबाचा उनाड पोरगा. शाळा सुटलेली, गावाने ओवाळून टाकलेला. खोतीचा दरारा असलेल्या गावात अण्णा खोतांपुढे मान वर करणारा एवढाच एक. दोघांचं जुळतं, गावाला कळतं, आणि पुढे बापू तिच्याबरोबर उघडपणे राहू लागतो. गाव त्यांना वाळीत टाकतं. बापू सुपारीच्या व्यापारात पडतो, पैसा करतो आणि त्याच गावाला नमवतो.

पेंडशांनी राधेसाठी निवडलेली जागा फार विचार करायला लावते. कोकणातल्या त्या काळच्या कादंबरीत बाई माजघरात, विहिरीवर किंवा देवळात असायची. राधा आहे हॉटेलात. तिथे सगळ्या जातींचे पाय लागतात, पैसा हातातून हातात जातो, गावच्या बातम्या आधी येतात. माजघरातली बाई गावाला दिसत नाही. राधा रोज दिसते, आणि तिलाही गाव रोज दिसतं. म्हणून तिच्या प्रेमात भाबडेपणा नाही. या माणसाबरोबर राहिल्याने काय काय जाणार आहे, याचा अंदाज बापूपेक्षा तिला जास्त आहे. बापू झुंजतो, राधा किंमत मोजून पाऊल टाकते. पुढे पेंडशांनी तिच्याच नावाने 'गारंबीची राधा' लिहिली, यावरून लेखकालाही ती सोडत नव्हती हे दिसतं. कादंबरीवर नाटक झालं, चित्रपट झाला. तरीही मराठी समीक्षेने बापूच्या बंडावर जेवढी शाई खर्च केली, तेवढी राधेच्या धीरावर केलेली नाही. हा अन्याय आहे.

दहा वर्षांनी, १९६२ साली, 'रथचक्र' आली. तिला १९६३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथे नायिकेला नावच नाही. ती फक्त 'ती'. नवरा संसार टाकून निघून गेलेला. एकत्र कुटुंबाच्या मोठ्या घरात ती राबते, जेवते, पण तिथे तिचं काही नाही. मुलांना शिकवायचं या एका ध्यासापायी ती ते घर सोडते आणि बिऱ्हाड करते. प्रेमकथा नसलेली ही कादंबरी या विषयात का आणायची, असं कोणी म्हणेल. तर ती प्रेमाच्या अभावाची कथा आहे म्हणून. नवरा बैरागी झाला की समाज त्याला नमस्कार करतो, आणि त्याने मागे टाकलेल्या बाईला दिराच्या दारात उभं राहून रॉकेल मागावं लागतं. ज्या जिल्ह्यात अर्धे नवरे वर्षभर घरी नसत, तिथल्या वाचक बायकांना ही 'ती' कोण आहे हे सांगावं लागलं नसेल.

इथे क्षणभर बंगालकडे बघावंसं वाटतं. रवींद्रनाथांच्या 'स्त्रीर पत्र' (१९१४) या कथेतली मृणाल जगन्नाथपुरीहून नवऱ्याला पत्र लिहून कळवते, की ती त्याच्या घरी परतणार नाही. कथा तिथेच थांबते. मृणालने दुसऱ्या दिवशी काय खाल्लं, हे रवींद्रनाथ सांगत नाहीत आणि त्या उंच सुराच्या कथेला ते विचारणंही गैर ठरेल. पेंडशांची कादंबरी मात्र त्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होते: भाडं, फी, तांदूळ.

कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला नेला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं. या शाळांनी बायकांच्या हाती पगार दिला, आणि तो पगार हाती आला तशी एक नवी कथाही जन्माला आली. ती लिहिली याच संस्थांमध्ये शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या बाळूताई खरे यांनी, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांनी. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने १९३३ साली त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि मराठी मध्यमवर्ग हादरला. त्यातल्या मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, घर त्यांच्या पगारावर चालतं, आणि म्हणूनच आईबापांना त्यांच्या लग्नाची घाई नाही. विधवेला मिळकत नाही म्हणून कोंडी होती. कमावतीला मिळकत आहे म्हणून कोंडी. पुढच्याच वर्षी आलेल्या 'हिंदोळ्यावर'मधली अचला नवऱ्यापासून दूर झालेली आहे, तिचं दुसऱ्यावर प्रेम आहे आणि तिला आई व्हायचं आहे. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग १९४७ साली मिळाला. अचलेची तडफड १९३४ची. तिच्यावर तुटून पडलेल्या टीकाकारांना नीती दिसली; तिच्यापुढे बंद असलेलं दार दिसलं नाही.

रत्नागिरी शहरात मात्र याच काळात एक प्रेमकथा अशी चालली होती, जिच्यावर मराठीत मोठी कादंबरी व्हायला हवी होती. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. खाडीकडे तोंड करून उभा असलेला थिबा पॅलेस १९१० साली पुरा झाला. राजाला मुलीच होत्या. त्यांना साजेसा नवरा ब्रह्मी राजकुळातलाच हवा, आणि तो रत्नागिरीत कुठून मिळणार? थोरल्या राजकन्येचं मन राजवाड्याच्या चाकरीतल्या गोपाळ सावंतांवर बसलं. ते आधीच विवाहित होते. १९०६ साली तिला मुलगी झाली. १९१६ साली थिबा वारला, पुढे कुटुंब ब्रह्मदेशी परतलं. थोरली राजकन्याही गेली, आणि परत रत्नागिरीला आली. १९४७ साली तिने इथेच देह ठेवला. तिची मुलगी टुटू मराठी बोलत वाढली आणि गरिबीत जगली. राजघराण्यात जन्मून नावावर काही नसणं, ही अवस्था इथल्या साध्या घरातल्या बाईला परकी वाटली नसती.

ही कादंबरी अखेर इंग्रजीत आली आणि बंगाली लेखकाकडून आली. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात राजकन्येचं प्रकरण आहेच. पण त्याहून ठसणारी आहे कलेक्टरची बायको उमा. नवरा बेनीप्रसाद डे सुधारक वळणाचा, इंग्रजी शिष्टाचारात मुरलेला. त्याला पत्नी सोबतीण म्हणून हवी आहे आणि ते साधत नाही. रत्नागिरीच्या त्या बंगल्यात उमेला कसलीच ददात नाही. तरी ती निघायचं ठरवते, आणि त्यानंतर कलेक्टरचा समुद्रात अंत होतो. विधवा उमा पुढे युरोप-अमेरिकेत राहून राजकारणात उतरते. जिच्याकडे सगळं आहे तिने का निघावं, हा प्रश्न घोष टाळत नाहीत. दागिने, नोकर, बंगला हे सगळं नवऱ्याच्या हुद्द्याबरोबर आलेलं, त्याच्याबरोबरच जाणारं. उमेला हे कळतं आणि त्या कळण्यातून ती उठते.

आणि एक योगायोग इथे सांगायलाच हवा. थिबाचा देश इंग्रजांनी घेतल्यावर तिथे नोकरीला गेलेल्यांत एक करमरकर होते. त्यांच्या मुलीचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या नदीवरून तिचं नाव इरावती ठेवलं गेलं. ती पुढे बाया कर्व्यांची सून झाली: इरावती कर्वे, 'युगान्त'च्या लेखिका. त्यांची आणि दिनकर कर्व्यांची मुलगी म्हणजे गौरी देशपांडे.

गौरी देशपांडे (१९४२-२००३) यांच्यापाशी आलं, की देवरुखच्या गोदूबाईंनी मांडलेल्या संसाराची तिसरी पिढी लिहिताना दिसते. चुलते र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवत संततिनियमन आणि स्त्रीच्या देहसुखाच्या हक्काबद्दल लिहीत राहिले, खटले सोसले. म्हणजे या घरात बाईचं शिक्षण, तिचा पगार, तिचं शरीर या लढाया आधीच्या पिढ्यांनी उघड्यावर लढल्या होत्या. 'एक पान गळावया' (१९८०), 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' (१९८५), 'दुस्तर हा घाट आणि थांग' (१९८९) या पुस्तकांतल्या नायिका त्यामुळे वेगळ्याच जागेवरून बोलतात. त्यांना भाकरीची चिंता नाही. त्या देशोदेशी फिरतात, शिकवतात, मनाला येईल तेव्हा सामान बांधतात. 'तेरुओ'मधली विवाहित मराठी बाई जपानी पुरुषाच्या प्रेमात पडते आणि त्याबद्दल छाती पिटत बसत नाही.

म्हणून अनेक वाचकांना गौरी देशपांडे यांच्या नायिका सुखवस्तू वाटल्या, हवेत चालणाऱ्या वाटल्या. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. चूल स्वतःची झाल्यावर काय उरतं, हे बघायला कोणीतरी तिथवर पोचायला हवं होतं. त्या पोचल्या आणि त्यांना दिसलं, की मालकी पैशापुरती नसते. समजूतदार, शिकलेला, बायकोवर जीव टाकणारा नवराही तिचा वेळ, तिचं एकांतातलं मन आपलं समजू लागतो. आणि तिलाही तसं असण्याची सवय होते. 'कारावासातून पत्रे' या कथेचं शीर्षकच त्या बंदिवासाचं नाव घेतं. प्रेम हवंच आहे, तीव्रपणे हवं आहे, पण कुणाचं होऊन राहायचं नाही, ही ओढाताण मराठीत इतक्या निर्भयपणे आधी कोणी लिहिली नव्हती. पुढे त्या फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिल्या. 'विंचुर्णीचे धडे' त्या वास्तव्याचं पुस्तक.

सुनीताबाई देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' (१९९०) या आत्मकथनाचं इंग्रजी भाषांतरही गौरी देशपांडे यांनीच केलं. सुनीताबाई रत्नागिरीच्या ठाकूर घराण्यातल्या; पु. ल. देशपांडे यांच्याशी त्यांचं लग्न १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीतच, नोंदणी पद्धतीने झालं. महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबरोबरचा संसार त्यांनी प्रेमाने आणि कठोरपणे, दोन्ही एकदम, तपासला, आणि लोक दुखावले. बाया कर्व्यांच्या 'पुराणा'शेजारी हे पुस्तक ठेवावं. सूर बराचसा एकाच घराण्यातला वाटतो.

पण इथवर आलेली जवळजवळ सगळी नावं उच्चवर्णीय आहेत. रत्नागिरीच्या बाईची गोष्ट एवढ्यावर संपवली, तर जिल्ह्याचा मोठा भाग बाहेर राहतो. तो भाग साहित्यात आणला उर्मिला पवार यांनी. त्यांचा जन्म १९४५चा, गाव रत्नागिरीजवळचं फणसवळे. वडील शिक्षक; ते लवकर गेले आणि आईने बांबूची आयदानं विणून, विकून मुलांना वाढवलं. 'आयदान' (२००३) या आत्मकथनाच्या सुरुवातीलाच डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका दिसतात, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे घेतलेल्या. या बायकांना घराबाहेर पडण्याचं स्वातंत्र्य कोणी द्यायचं नव्हतं. पोटासाठी त्या पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच होत्या. म्हणून उर्मिलाताईंचा प्रश्न निराळा आहे. त्यांनी प्रेमविवाह केला, मुंबईत सरकारी नोकरी केली, आणि पगार नवऱ्याच्या हाती दिला, हे त्या लपवत नाहीत. एम. ए. करायला निघाल्यावर घरात उठलेला विरोधही त्या लिहितात. दलित चळवळीत समतेची भाषा बोलणाऱ्या घरातही कमाई आणि शिक्षण यांवरचा ताबा सहज सुटत नाही, हे त्यांनी नवऱ्यावरचं प्रेम न नाकारता सांगितलं.

त्यांची 'कवच' ही कथा हापूसच्या या जिल्ह्यातल्या आंबे विकणाऱ्या इंदिराची आहे. बाजारात पुरुष आंब्यांच्या आडून तिच्याबद्दल दुहेरी अर्थाचं बोलतात. ते तिच्या शाळकरी मुलाला कळतं आणि त्याच्या मनाला लागतं. आईने बाजाराला जाऊच नये असं त्याला वाटू लागतं. इंदिरा जाते. आंबे घरी ठेवून चालणार नसतं. आणि समोरचा पुरुष बोलायला लागला, की ती जिभेनेच त्याला असं उत्तर देते की तो गप्प होतो.